शेलो तेचोच आसा

एका बैठ्या घराच्या दारातून एक म्हातारा बाहेर येतो. चार पावलं चालतो, झुडपाजवळ थांबतो, वाकून एक फूल तोडतो. ते नाकाशी नेतो आणि त्याचा चेहरा विस्कटतो. मग तो सावकाश चालत चौकटीच्या बाहेर जातो. मागे त्याची सावली तेवढी उरते. गाडीचा ब्रेक करकचून लागल्याचा आवाज येतो, एक किंकाळी, आणि चित्र तिथेच गोठतं. सगळं मिळून जेमतेम मिनिटभर. वर निवेदकाचा आवाज चालू असतो, म्हाताऱ्याच्या गेलेल्या बायकोविषयी: ज्या आकाशाकडे ती कधीकाळी पाहायची, ते आता तिच्या देहावरचं पांघरूण झालंय.

हे दृश्य ज्या चित्रपटात आहे, त्याला गेली चाळीसेक वर्षं ‘जगातला सर्वांत वाईट चित्रपट’ म्हणतात. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. लेखक, दिग्दर्शक, निर्माता, संकलक, सगळं एकच माणूस: एड वुड. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर चाल करून येतात, एवढीच गोष्ट.

मी तो पहिल्यांदा पाहिला पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर. आम्ही आठ-नऊ जण होतो. लॅपटॉप खुर्चीवर ठेवलेला, दिवे बंद, मधोमध भेळेचा कागद. खास हसायलाच जमलो होतो. कुठे काय चुकलंय ते आधी पाहून आलेला एकजण बोट ठेवून दाखवत होता. ती बघ दोरी. तो बघ माइक. हा थडग्याचा दगड आता हलेल बघ. आणि तो खरंच हलायचा. आम्ही लोळून हसत होतो, मीही. मग तो म्हातारा घराबाहेर आला आणि त्याने फूल तोडलं. खोलीतलं हसू थांबलं नाही, कारण पुढच्या चुकीची तयारी चालू होती. मला मात्र कुडाळजवळच्या आमच्या वाडीतली एक रात्र आठवली. त्यानंतर मी हा चित्रपट किती वेळा पाहिला असेल त्याची मोजदाद नाही.

चुका आहेत, आणि भरपूर आहेत. स्टुडिओत उभारलेली स्मशानभूमी म्हणजे खोटं गवत, पुठ्ठ्याचे दगड आणि मागे काळोख. बाहेर चित्रित केलेली दृश्यं लख्ख उन्हातली. त्यामुळे माणूस दिवसा चालायला लागतो आणि पुढच्याच क्षणी रात्री पोहोचतो. पोलिसांची गाडी उजेडात निघते, अंधारात थांबते. विमानाचा कॉकपिट म्हणजे दोन खुर्च्या आणि न्हाणीघरात लावतात तसला पडदा. लष्कराच्या तोफा दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या चित्रणातल्या. सेनाधिकारी कुठेतरी भलतीकडेच पाहतो आणि तोफा भलतीकडेच धडधडतात. संगीतही तयार साठ्यातून उचललेलं.

काही आरोप मात्र नीट तपासून घ्यायला हवेत. उडत्या तबकड्या म्हणून मोटारीच्या चाकावरच्या झाकण्या किंवा कागदी ताटल्या टांगल्या होत्या, ही कथा मी दहा ठिकाणी ऐकली. ती खरी नाही. बाजारात मुलांसाठी मिळणारा, तुकडे जोडून करायचा प्लॅस्टिकचा तबकडीचा संच होता तो. दोऱ्या दिसतात, हे खरं. तसंच त्या माइकचं. हा चित्रपट थिएटरसाठी चित्रित झाला. थिएटरात प्रक्षेपण करताना चित्राचा वरचा आणि खालचा भाग झाकला जातो. पुढे टीव्हीवर आणि व्हिडिओवर ती झाकलेली पट्टी उघडी पडली, आणि प्रेक्षकाने पाहायचंच नव्हतं तेही त्याला दिसू लागलं. सगळ्याच माइकांचा हिशेब यातून लागत नाही. कॉकपिटच्या भिंतीवर पडलेली सावली वुडच्याच खाती आहे.

खरा दोष माझ्या मते पुठ्ठ्यात नाही, लेखणीत आहे. पात्रं एकमेकांना जे ठाऊक आहे तेच पुन्हा सांगतात. एक वाक्य संपलं की त्याच अर्थाचं दुसरं येतं. भीती वाटावी अशा जागी लोक उभे राहून चर्चा करतात. एकोणऐंशी मिनिटांचा चित्रपट, पण मध्यावर तो इतका रेंगाळतो की दोन तासांचा वाटतो. हे मला लपवायचं नाही.

गोष्ट अशी. परग्रहवासी पृथ्वीच्या सरकारांशी बोलायचा प्रयत्न करून थकले आहेत, कुणी त्यांचं अस्तित्वच मान्य करत नाही. म्हणून ते नववी योजना काढतात: मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथींना विजेचा धक्का देऊन त्यांना उठवायचं आणि जिवंतांवर सोडायचं. उठतात फक्त तिघं. तो म्हातारा, त्याची आधी गेलेली बायको आणि एक पोलीस इन्स्पेक्टर. बायको झाली आहे मायला नुर्मी. व्हँपायरा या नावाने लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर तिचा भयपटांचा कार्यक्रम चालायचा, तो १९५५ साली बंद पडला. वुडकडून तिला दोनशे डॉलर मिळाले आणि संवाद बोलायला तिने नकार दिला. इन्स्पेक्टर झाला टॉर जॉन्सन, मूळचा स्वीडनचा भलादांडगा कुस्तीगीर. थडग्यातून वर येताना त्याला जे कष्ट पडतात, तो अभिनय नाही.

हे लोक पृथ्वीवर का येतात, त्याचं कारण हसण्याच्या भरात ऐकू येत नाही. त्यांचा म्होरक्या इरॉस माणसांना हिशेब देतो. आधी तुम्ही फटाका केलात. मग हातबॉम्ब, मग विमानातून टाकायचा बॉम्ब, मग अणुबॉम्ब, मग हायड्रोजन बॉम्ब. यापुढे तुम्ही सूर्यप्रकाशाचे कणच पेटवाल, आणि सूर्याचं ऊन जिथे जिथे पोहोचतं ते सगळं विश्व जळेल. त्याचं भौतिकशास्त्र चुकीचं आहे. पण चित्रण झालं नोव्हेंबर १९५६ मध्ये. अमेरिकेने पहिला हायड्रोजन बॉम्ब पॅसिफिकमधल्या एनिवेटॉकवर १९५२ साली फोडला होता, आणि १९५४ साली बिकिनी बेटावरच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडली होती. एड वुड स्वतः मरीन दलातून पॅसिफिकच्या युद्धात लढून आलेला. इरॉस चिडून माणसांना मूर्ख म्हणतो, तो तुकडा आज लोक करमणूक म्हणून एकमेकांना पाठवतात. मला तो चिडलेला माणूस लिहिणाऱ्याच्या पोटातून आलेला वाटतो.

आता बाकड्याविषयी.

आमच्याकडे भात कापून झालं, कार्तिक लागला की एकेका गावाच्या जत्रा सुरू व्हायच्या. देवळात पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार उभा राहायचा. मंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाकडं. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. संवाद लिहिलेले नसायचे, आख्यान ठरलं की नट आपल्या अकलेने बोलायचे. राजा बाकड्यावर बसला की ते सिंहासन. त्याच्यावर उभा राहिला की डोंगर. राक्षसाने त्याच्याभोवती फेरी मारली की अरण्य. पहाटे दहीकाला होईपर्यंत ते बाकडं दहा वस्तू व्हायचं, आणि आम्ही पोरं गोधडीत गुरफटून प्रत्येक वेळी विश्वास ठेवायचो. हजारभर माणसांत एकजणही म्हणायचा नाही की अरे, हे तर बाकडं.

मग न्हाणीघराचा पडदा आम्हाला विमान का वाटला नाही?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बाकडं आपण बाकडं असल्याचं लपवत नाही. नट आणि बघणारे दोघांनीही ते आधीच मान्य केलेलं असतं, मग नट जे म्हणेल ते बघणारा उरलेलं स्वतःच्या पदरचं घालून पुरं करतो. कॅमेऱ्यापुढे हे चालत नाही. कॅमेरा कशालाच कबूल होत नाही. पडद्याला पडदा म्हणूनच टिपतो, त्याच्या चुण्यांसकट. वुडचा जीव मुळात नाटकातला. युद्धावरून आल्यावर त्याने १९४८ साली आधी नाटकच लिहून रंगमंचावर आणलं होतं. मला वाटतं, तो शेवटपर्यंत बाकड्यावर विश्वास ठेवणारा राहिला. थडग्याचा दगड हलला तरी तो थांबला नाही, पुन्हा चित्रित केलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांना तो दगडच दिसत होता. फिल्म महाग होती हेही आहेच. सगळा खर्च सुमारे साठ हजार डॉलरचा.

तो पैसा आला कुठून, तर बेव्हर्ली हिल्सच्या एका बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून. त्यांना धार्मिक चित्रपट काढायचे होते. आधी हा तबकड्यांचा चित्रपट चालेल, त्या नफ्यातून धर्माचं काम होईल, असं वुडने त्यांना पटवलं. त्यांच्या आग्रहापायी वुडने आणि त्याच्या काही नटांनी बाप्तिस्माही घेतला. चित्रपटाचं पहिलं नाव ‘परग्रहावरचे थडगेचोर’ अशा अर्थाचं होतं, ते या मंडळींना अधर्माचं वाटलं म्हणून बदललं. पैसा देणारे दोघं चित्रपटात कबर खोदणारे म्हणून उभेही आहेत.

आणि तो म्हातारा म्हणजे बेला लुगोसी.

१८८२ साली तेव्हाच्या हंगेरीतल्या लुगोस गावी जन्मलेला हा माणूस. गाव आज रुमानियात आहे. आडनाव त्याने गावावरूनच घेतलं. मायदेशी तो रंगभूमीवरचा नट होता. १९१९ नंतरच्या राजकीय उलथापालथीत देश सोडून अमेरिकेला आला, इंग्रजी उशिरा शिकला, आणि त्या अडखळत्या, लांबवलेल्या उच्चारांनीच १९२७ साली ब्रॉडवेवर आणि १९३१ साली पडद्यावर ड्रॅक्युला झाला. जगभर माणसं तो आवाज ओळखायला लागली. मग त्याच आवाजाने त्याला दुसरं काही करू दिलं नाही. पायाच्या शिरेचं जुनं दुखणं, त्यावर मॉर्फिन, मग मॉर्फिनची सवय. कामं आटली. १९५५ साली तो स्वतः होऊन नॉरवॉकच्या सरकारी इस्पितळात दाखल झाला आणि तीनेक महिन्यांनी बाहेर आला. त्या काळात असं उघडपणे कबूल करणारे नट फारसे नव्हते. ज्या हॉलिवूडने त्याच्या तोंडावर पैसा कमावला होता, त्यातून त्याच्या दारात फारसं कुणी येत नव्हतं. एड वुड येत होता. त्याने १९५३ आणि १९५५ साली त्याला आपल्या चित्रपटांत घेतलं होतं, आणि पुढच्याचे बेत चालू होते. हातात पटकथा धड नव्हती, पैसा तर नव्हताच. तरी त्याने कॅमेरा आणला आणि लुगोसीला काही मिनिटं चित्रित करून घेतलं. एका थडग्यापाशी उभा असलेला, काळा झगा पसरून मोकळ्या जागेतून चालणारा, आणि टॉर जॉन्सनच्या घराच्या दारातून बाहेर येऊन फूल तोडणारा. आवाज ध्वनिमुद्रित केला नव्हता. ज्याचा आवाज साऱ्या जगाला माहीत होता, त्याची ही शेवटची मिनिटं मुकी आहेत.

१६ ऑगस्ट १९५६ रोजी लुगोसी गेला. वय त्र्याहत्तर. ड्रॅक्युलाच्या झग्यातच त्याचं दफन झालं.

तीन महिन्यांनी चित्रण सुरू झालं तेव्हा वुडजवळ तीच मिनिटं होती. ती डब्यात ठेवून देता आली असती. त्याने उलट केलं: त्या मिनिटांभोवती अख्खा चित्रपट रचला. मेलेल्यांना उठवण्याची गोष्ट लिहिली आणि गेलेल्या मित्राला तिच्यात आणून बसवलं. उरलेल्या दृश्यांसाठी त्याने आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके बसवून देणाऱ्या उपचारकाला, काळा झगा घालून उभं केलं. टॉम मेसन त्याचं नाव. उंची वेगळी, अंगलट वेगळी, चेहऱ्यात काडीचं साम्य नाही. म्हणून तो सबंध चित्रपटभर झग्याचं टोक नाकावर धरून वावरतो. लोक सगळ्यात जास्त हसतात ते इथे. सदाशिव पेठेतली खोलीही इथेच सगळ्यात जास्त हसली होती, आणि मी इथेच हसायची थांबले होते.

आमच्या वाडीत एक राजपार्टी नट होते. आम्ही त्यांना बाबलकाका म्हणायचो, त्यांचं खरं नाव ते नव्हे. दिवसा बागायतीत कामाला जायचे, जत्रेच्या दिवसांत कंपनीबरोबर पेटारा घेऊन गावोगाव. एका वर्षी त्यांचा शेला फाटला, तेव्हा माझ्या आजीने आपल्या लग्नातल्या शालूचा काठ काढून त्याला लावून दिला होता. लाल काठ, जर काळवंडलेली. काका राजा होऊन बाकड्यावर बसले आणि त्यांनी शेला खांद्यावरून झटकला की गॅसबत्तीच्या उजेडात तो काठ एकदा चमकायचा. आजी त्या क्षणाची वाट बघत बसायची. तिला नंतरच्या आख्यानात फारसा रस नसे.

मी सहावीत असताना कार्तिकात काका गेले. साप चावल्याचं निमित्त झालं. आमच्या गावची जत्रा तेराव्यानंतर चार दिवसांनी आली. आख्यान रद्द होणार अशी बोलवा होती. पण रात्री पायपेटी वाजली, संकासुर येऊन गेला, आणि मग राजा आला. एक कोवळा पोरगा, विशीतला. शब्द विसरत होता, बाकड्यावर चढताना अडखळला. मागून कुणीतरी हसलं. त्याच्या खांद्यावर तो शेला होता. पोराच्या मानाने लांब, जमिनीवर लोळणारा. मला भयंकर राग आला. मी आजीला म्हटलं, याला काही येत नाही, आपण घरी जाऊया.

आजीने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “तेका बघू नको गो. शेलो बघ. शेलो तेचोच आसा.”

पोराने भीतभीतच शेला झटकला. काठ चमकला. पुढच्या रांगेत काकांच्या घरची माणसं बसली होती. त्यांनी आणि आजीने त्या क्षणी जे पाहिलं, ते मला त्या वयात दिसलं नाही. फक्त आजीचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला तेवढा आठवतो.

टॉम मेसन नाकावर झगा धरून पुठ्ठ्याच्या थडग्यांमधून चालतो, तेव्हा वुड कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याने काय पाहिलं असेल, एवढाच विचार मी करते. लोक म्हणतात, प्रेक्षकाला फरक कळणार नाही असं त्याला वाटलं. मला ते पटत नाही. ज्याने त्या म्हाताऱ्याच्या आजारपणात त्याच्या घरी खेपा घातल्या, त्याला दोघांच्या उंचीतला फरक कळत नव्हता? प्रेक्षक फसावा म्हणून त्याने तो झगा चालवला नाही, असं मला ठामपणे वाटतं. त्याला तो झगा चालताना हवा होता.

चित्रपट मार्च १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कार्लटन थिएटरात एकदा दाखवला गेला. सर्वत्र लागायला १९५९ उजाडलं. कुणी फार दखल घेतली नाही. वुडला मोठं काम मिळालं नाही; पोटासाठी तो भलभलती पुस्तकं लिहीत राहिला, पीत राहिला. डिसेंबर १९७८ मध्ये भाडं थकल्यामुळे त्याला आणि त्याच्या बायकोला घराबाहेर काढलं, आणि काही दिवसांत, १० डिसेंबरला, एका मित्राच्या घरी तो गेला. चोपन्न वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, १९८० साली, अमेरिकेत ‘गोल्डन टर्की’ नावाने वाईट चित्रपटांच्या पुरस्कारांचं एक पुस्तक निघालं. त्यात त्याला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं आणि या चित्रपटाला सर्वांत वाईट चित्रपट. तिथून त्याचं नाव जगभर झालं. १९९४ साली टिम बर्टनने त्याच्यावर चित्रपट काढला आणि लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. लुगोसीला स्वतःला ते कधी मिळालं नव्हतं.

ही प्रसिद्धी झाली म्हणून हा चित्रपट टिकला, नाहीतर माझ्यापर्यंत आला नसता, हे मला मान्य आहे. तरीही त्या पुरस्काराबद्दल माझ्या मनात अढी आहे. त्याच दशकात परग्रहवासीयांचे कितीतरी चित्रपट निघाले, बरेचसे याच्याहून नेटके आणि याच्याहून जास्त पैशांत केलेले. दोऱ्या दिसत नाहीत, माइक दिसत नाहीत. आणि कुणाला काही सांगायचं होतं असंही वाटत नाही. ते विसरले गेले, त्यांना कुणी वाईट ठरवलं नाही. हा एवढा जीव ओतलेला चित्रपट मात्र सर्वांत वाईट.

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. दुपारची वीज गेलेली, आई पडवीत कोकमं निवडत बसली होती. मोबाइलवर मी तोच भाग पाहत होते. आई शेजारी सरकली, म्हणाली काय बघतेस. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी आवाज बंदच ठेवला आणि काही न सांगता फोन तिच्यापुढे धरला. घराचं दार उघडलं. म्हातारा बाहेर आला, वाकला, फूल तोडलं, नाकाशी नेलं.

आईचे हात कोकमांवर थांबले.

“बायल गेली काय गो तेची?” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. सावली गोठली, चित्र बदललं, स्मशान आलं, पोलीस आले. आईने पुन्हा कोकमं हातात घेतली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, “तो फूल काढता, ता परत लाव बघया.”